कार्ब्युरेटर ठेवू की इंजेक्शन बसवू?

माझ्या आत्याचे सासर तंजावरचे. घरात बोली मराठीच, पण तीनशे वर्षांच्या तमीळ शेजाराने वेगळेच वळण घेतलेली. खंडेनवमीला तिथे आयुधपूजा असते. त्या दिवशी विळी-अडकित्त्यापासून स्कूटरपर्यंत सगळ्यांना गंध-फूल लागते आणि अंगणातल्या लाल मोटारीच्या चाकांखाली लिंबे ठेवली जातात. ही मोटार म्हणजे १९५१ ची एम. जी. ‘टीडी’. दोनच माणसांची, टप उघडून पळणारी खरीखुरी स्पोर्ट्‌स कार. निलगिरीतल्या चहामळ्यावरचा साहेब मायदेशी परतला तेव्हा आतोबांच्या वडिलांनी ती घेतली. लिंबे चिरडून ती मोठ्या देवळापर्यंत एक फेरी मारून येते, असा घरचा रिवाज.

गेल्या खंडेनवमीला मात्र ती नेमकी देवळासमोर खोकली. कार्ब्युरेटरातून उलटा फटाका वाजला आणि बंदच पडली. सणाच्या कपड्यांत आम्ही ती ढकलत घरी आणली.

रात्री पानावरच वाद पेटला. “अप्पा, आता पुरे. इंजेक्शन बसवू या,” आतेभाऊ म्हणाला. तो चेन्नईला मोटारींच्याच धंद्यात आहे. आतोबा म्हणाले, “तिचं काळीज काढून दुसऱ्याचं बसवणार? मग दुसरी मोटारच घे की!”

वाचकहो, जुनी मोटार किंवा बुलेट जपणाऱ्या पुष्कळ घरांत आज हाच वाद आहे. म्हणून दोन्ही बाजू जरा समजून घेऊ.

‘टीडी’च्या १२५० सीसी इंजिनाला एसयू जातीचे दोन कार्ब्युरेटर असतात. रचना इतकी सोपी, की पाहून हसू येते. इंजिनाने हवा ओढली की आतला दट्ट्या वर उचलला जातो. त्याला लावलेली निमुळती सुई जेटमधून वर येते आणि सुईभोवती जेवढी फट मोकळी झाली तेवढे पेट्रोल जाते. वीज नाही, वायर नाही. पण डोळेही नाहीत! आत आलेले पेट्रोल कसले आहे, हे त्याला कळत नाही.

नेमके तिथेच घोडे अडले. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. आपल्याकडे ते उसापासून होते, तसेच ते तुकडा तांदळापासूनही होते. म्हणजे तंजावरने ज्यावर नाव कमावले तो तांदूळही आता टाकीत जाऊ शकतो. एक किलो पेट्रोल पुरते जळायला १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला ९ किलोच पुरते. २० टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. जुन्या मापाने लावलेला कार्ब्युरेटर अशा वेळी हवेच्या मानाने इंधन कमी देतो. मेकॅनिक त्याला ‘लीन’ म्हणतात. मग उलटे फटाके वाजतात, इंजिन तापते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते, जुने रबर खराब करते. वर्षातले अकरा महिने उभ्या असणाऱ्या मोटारीला हे फारच बाधते.

इंजेक्शनला डोळे असतात. धुराच्या नळीतला लॅम्डा सेन्सर उरलेला ऑक्सिजन मोजतो आणि संगणक पिचकारी किती वेळ उघडी ठेवायची ते ठरवतो. पेट्रोल बदलले तरी तो आपले आपण सावरून घेतो. चोक नको, खोकला नको. आतेभावाचे म्हणणे चूक नव्हतेच.

पण ‘टीडी’त ते बसवायचे म्हणजे काय? आजच्या पंपाचा दाब एक दशांश बारच्या आसपास. तिथे तीन बारचा पंप हवा. त्या दाबाला टिकणाऱ्या नळ्या हव्यात. इंजिनाचे फेरे मोजायला दातेरी चाक हवे. डायनॅमो एवढा भार पेलणार नाही, म्हणून अल्टरनेटर हवा; आणि मुळात या गाडीची बॅटरीच उलटी, म्हणजे धन टोक अंगाला जोडलेले, तेही फिरवावे लागेल. वहिनीने हिशेब ऐकला आणि शांतपणे विचारले, “आणि दिव्याच्या कॉलेजची फी?”

“निदान कार्ब्युरेटर कुणीही दुरुस्त करतो,” हा आतोबांचा हुकमी पत्ता. मला तो आता खरा वाटत नाही. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ आले आणि बहुतेक नव्या दुचाकींतूनही कार्ब्युरेटर हद्दपार झाला. तंजावरच्या गॅरेजमधली तरुण पोरे स्कॅनर सफाईने लावतात. सुई नि जेट त्यांनी हाताळलेले नाही.

कायद्याचाही मुद्दा आहे. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे येतात. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी, सांगाडा वा इंजिन बदललेले नको. इंधनाची सगळी व्यवस्थाच पालटली तर अधिकारी प्रश्न विचारणारच. अर्थात ही नोंदणी रोज फिरण्यासाठी नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती यांपुरतीच आहे.

म्हणून माझे मत मी तिथेच दिले. रोज पळवायची, नव्या इंजिनावर बांधलेली स्पोर्ट्‌स कार असेल तर इंजेक्शनच घ्या, दुसरा विचार नको. पण या मोटारीला आधी स्वस्तातले उपाय करून पाहा.

आतेभावाने मोठेपणा दाखवला. दिवाळीला येताना त्याने लॅम्डा मोजणारे यंत्र आणले आणि ते तात्पुरते धुराच्या नळीत खुपसले. बरोबर मिश्रणाला आकडा १ येतो, इथे १.१ च्याही वर! जेटभोवतीच्या कॉर्कच्या चकत्या सुकल्या होत्या, त्या बदलल्या. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घातल्या. आता दोन्ही कार्ब्युरेटर सारखे करायचे. त्यासाठी रबरी नळीचे एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी आणि दुसरे कानाशी धरतात. दोन्हींचा फुसकारा सारखा यावा लागतो.

आतोबांनी नळी कानाला लावली. बराच वेळ ते तसेच ओणवे राहिले. मग हळूच म्हणाले, “मला दोन्ही सारखेच वाटतात. दोन वर्षं झाली.”

कुणी काही बोलले नाही. दिव्याने त्यांच्या हातातली नळी घेतली. “आजोबा, पुढचा मोठा वाजतोय.”

“मग त्याचा स्क्रू अगदी जरासा सैल कर. ऐक. आता?”

“आता सारखे.”

“आता जेटचा नट घे. खाली केला की पेट्रोल वाढतं. षट्‌कोनाची एकच बाजू फिरव. दोघांनाही तेवढंच.”

यंत्रावरचा आकडा उतरू लागला. आतेभाऊ तो मोठ्याने वाचत होता, दिव्या पाना धरून होती आणि आतोबा मडगार्डवर हात ठेवून इंजिनाची थरथर पाहत होते.