दुकानातला जुना कॉम्प्युटर रडतोय? नवा घेण्याआधी हे करा

जीएसटीचं पोर्टल उघडायला लावलं, चहा पिऊन आलात, तरी चक्र फिरतंच आहे. असं होतं ना? मग वाटतं, नवाच घेऊन टाकू. थांबा! ते भांडवल आधी मालात घाला.

पहिलं काम, दुखणं शोधा. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबा. कोणता टॅब, कोणतं एक्स्टेन्शन किती मेमरी खातंय ते दिसेल. नको ते काढा. सेटिंगमध्ये मेमरी सेव्हर चालू करा. इथपर्यंत खर्च शून्य.

तरी फरक नाही? रॅम 4 जीबी असेल तर 8 करा आणि फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. मेमरी कमी पडली की कॉम्प्युटर डिस्कवर काम ढकलतो, आणि फिरती डिस्क तिथेच दम टाकते.

पण वेगापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे सुरक्षा. विंडोज 7 वर क्रोमची 109 हीच शेवटची आवृत्ती, 2023 पासून पुढचं क्रोम तिथे चालतच नाही. अशा मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकू नका. मशीन 64-बिट असेल तर लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती फुकट मिळते. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा. प्रिंटर आणि डिजिटल सहीचं टोकन चालतंय याची खात्री करा, बॅकअप घ्या आणि मगच टाका.

आज दुकान बंद करण्याआधी शिफ्ट-एस्केप दाबाच. सगळ्यात जास्त मेमरी कोण खातंय, कमेंटमध्ये सांगा!