ॲक्वर्थसाहेबांचे पोवाडे आणि वडाळ्याचं फाटक

आजोबांच्या कपाटात पोवाड्यांचं एक जीर्ण पुस्तक होतं. ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’, साल १८९१, संपादक एच. ए. ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम. अज्ञानदासाचा अफजलखानवध आणि तुळशीदासाचा सिंहगड मी पहिल्यांदा वाचला तो त्यातच. पुढे कॉलेजात असताना वडाळ्याला बसच्या खिडकीतून एक पाटी दिसली : ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय. हा ॲक्वर्थ तोच का? त्या प्रश्नाने वीसेक वर्षं माझी पाठ सोडली नाही.

तोच निघाला. हॅरी अर्बथनॉट ॲक्वर्थ, १८९० ते १८९५ या काळात मुंबई महापालिकेचे आयुक्त. गोंधळ्यांच्या तोंडचे पोवाडे विरून जाऊ नयेत म्हणून धडपडलेला आणि १८९४ मध्ये त्यातले निवडक इंग्रजीत नेणारा हा रसिक माणूस त्याच वर्षांत मुंबईच्या रस्त्यांवरचे भीक मागणारे कुष्ठरोगी उचलून माटुंग्याच्या वसाहतीत नेऊन ठेवत होता. ही वसाहत म्हणजे १८९० मध्ये सुरू झालेलं ‘होमलेस लेपर असायलम’. त्यालाच पुढे ॲक्वर्थ यांचं नाव मिळालं, तेच वडाळ्याचं रुग्णालय. 

तो काळ मोठ्या भीतीचा होता. हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांची सेवा करणारे फादर डेमियन १८८९ मध्ये त्याच रोगाने गेले आणि विलायतेत धसका बसला. निधी जमला, हिंदुस्थानात आयोग आला. १८९०-९१ मध्ये आयोग देशभर हिंडला आणि १८९३ मध्ये अहवाल छापून आला. त्याचा निष्कर्ष आजही वाचताना चकित करतो : संसर्गाचा धोका फार थोडा, सक्तीने कोंडून ठेवण्याची गरज नाही. त्या निधीच्या लंडनमधल्या समितीतल्या मंडळींना हे पटलं नाही. इकडे शहरांतल्या प्रतिष्ठितांना तर रस्ते मोकळे हवे होते. या ओढाताणीतून १८९८ चा लेपर्स ॲक्ट जन्मला.

तो कायदा अगदी छोटा आहे, चहा निवेपर्यंत वाचून होतो. मी त्याच्यापाशी दोन दिवस बसलो ते एका शब्दासाठी : ‘पॉपर लेपर’, म्हणजे कंगाल कुष्ठरोगी. जो उघड्यावर भीक मागतो, भिकेसाठी जखमा दाखवतो किंवा ज्याच्या पोटापाण्याचं साधन दिसत नाही, तो. अशा माणसाला पोलिसाने वॉरंटशिवाय पकडायचं, निरीक्षकाने तपासून दाखला द्यायचा, मॅजिस्ट्रेटने वसाहतीत धाडायचं. पळून गेला तर पुन्हा वॉरंटशिवाय धरायचं. वाड्यात राहणाऱ्या श्रीमंत कुष्ठरोग्याला मात्र कुणी डांबणार नव्हतं. माझ्या मते या कायद्याने रोगाला कधी हातच लावला नाही, त्याने गरिबी कैद केली.

नववं कलम तर मी मोठ्याने वाचलं. सरकारने लागू केलं की कुष्ठरोग्याने विक्रीसाठी खाण्यापिण्याचं काही करायचं नाही, सार्वजनिक विहिरीवर वा तळ्यावर आंघोळ करायची नाही, कपडे धुवायचे नाहीत, पाणी भरायचं नाही, भाड्याच्या गाडीत बसायचं नाही, फक्त आगगाडी चालेल. पाणवठा कुणाला बंद ठेवायचा हे आपल्या गावांना कायद्याने शिकवावं लागलं नव्हतं. इथे सरकारने त्या रीतीवर शिक्का उठवला.

आणखी एक तरतूद फारशी कुणाच्या नजरेत येत नाही. नातेवाइकाने किंवा मित्राने लेखी हमी दिली, की याला आम्ही सांभाळू, भीक मागू देणार नाही, तर मॅजिस्ट्रेट रुग्णाला त्यांच्या हवाली करू शकत होता. म्हणजे सुटका रुग्णाच्या हातात नव्हती, ती दुसऱ्याच्या सहीत होती. ज्याला न्यायला कुणी येत नाही, तो आतच राहणार.

माटुंग्याच्या वसाहतीबद्दल ग्रंथालयांत सगळ्यात जास्त काय सापडतं, तर तिथल्या मैल्याची हकीकत. सी. सी. जेम्स या ड्रेनेज इंजिनिअरने तिथे टाक्या बांधल्या, १८९७ च्या सुमारास त्यातला वायू धरून त्यावर इंजिन चालवलं. बायोगॅसच्या पुस्तकांत याचं साल १८५९ छापलं जातं, ते धडधडीत चूक आहे. तेव्हा वसाहतच नव्हती. पण मला सलतं ते वेगळंच. त्या माणसांच्या मैल्याचा हिशेब छापून आला आणि माणसांची नावं कुणी छापली नाहीत. ॲक्वर्थ निर्दय नव्हते. रस्त्यावर मरण्यापेक्षा छप्पर बरं, असं ते मनापासून मानत असणार. राहणाऱ्याला विचारावं, एवढं मात्र त्या व्यवस्थेत बसत नव्हतं.

पुढे उभ्या राहिलेल्या कुष्ठसेवेच्या वसाहती वाचकांना ठाऊक आहेत : मनोहरजी दिवाणांचं दत्तपूर, शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, बाबा आमट्यांचं आनंदवन. १९८२ पासून बहुविध औषधोपचार आला, ठरावीक मुदतीच्या गोळ्यांत रोग बरा होऊ लागला. 

तरीही माणसं आतच आहेत. विदर्भातल्या एका वसाहतीत मी एका आजींजवळ बसलो होतो. सोळाव्या वर्षी आलेल्या, गोळ्या संपून तीस-पस्तीस वर्षं झालेली. पायांना संवेदना नाही, म्हणून रोज सकाळी टबात पाय भिजवायचे, दगडाने घासायचे, तेल लावायचं, आरसा धरून तळव्याला कुठे चीर पडली का बघायचं, मग मऊ रबराच्या एमसीआर चपला. त्या दिवशी आधारचं काम होतं. बोटंच नाहीत, तर ठसा कुठून उमटणार? शेवटी डोळ्यांवर भागलं. मग कायमचा पत्ता विचारला. आजींनी गावाचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, “पण तिथं मी नाही बाप्पा. माह्या भावानं पटवाऱ्याले सांगतलं, बहीण मेली म्हणून.”

मी घरी येऊन १९५६ चा हिंदू वारसा कायदा काढला. अठ्ठाविसावं कलम स्वच्छ सांगतं, की रोग, व्यंग किंवा विद्रूपता यांमुळे कुणाचाही वारसाहक्क जात नाही. म्हणजे जमिनीतला वाटा आजींचा होताच. कायद्यात जिवंत असलेली बाई फेरफारात मेलेली होती. 

विधी आयोगाने एप्रिल २०१५ मध्ये आपल्या २५६ व्या अहवालात कुष्ठरोग्यांविरुद्धचे कायदे मोडीत काढायला सांगितलं. लेपर्स ॲक्ट २०१६ मध्ये रद्द झाला, म्हणजे गोळ्या आल्यानंतर चौतीस वर्षांनी. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, तेही २०१९ मध्ये वगळलं. आत राहणाऱ्यांच्या घराचा, त्यांच्या नावच्या जमिनीचा, हवं तेव्हा बाहेर पडून हवं तेव्हा परतण्याचा प्रश्न मात्र अजून संस्थांच्या चांगुलपणावर सोडलेला आहे, आणि हे मला मान्य नाही. चांगुलपणा बदलू शकतो. हक्क कागदावर लागतो.

आपल्याकडे घराण्यांचे कुलवृत्तांत छापायची हौस आहे. तुमच्या घरात असला तर उघडून बघा. ‘अल्पवयात निवर्तली’, ‘परागंदा’, ‘पुढील माहिती नाही’ अशा नोंदींपाशी थांबा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, की ही खरंच गेली होती का, की तिला कुठे नेऊन ठेवलं होतं. ती हयात असेल तर वारसनोंदीत तिचं नाव घालायला तलाठ्याकडे अर्ज करा, आणि तिला भेटायला जा.