दोन स्वभावांची एक चिप

चाकणजवळच्या महाळुंग्यात बजाज ऑटोचा कारखाना आहे. तिथे पल्सर वर्षानुवर्षे बनते आहे आणि २५ सप्टेंबर २०१९ रोजी विजेवरच्या चेतकचे उत्पादनही तिथेच सुरू झाले. या दोन गाड्यांतला फरक पेट्रोल आणि बॅटरीपुरता नाही. २००३ च्या पल्सर डीटीएस-आयमध्ये ठिणगी केव्हा टाकायची, हे एक लहान प्रोसेसर ठरवत असे. फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ८,००० फेरे घेत असले, तरी ठिणगीची वेळ सेकंदाला सुमारे ६७ वेळाच येते. म्हणजे दोन निर्णयांमध्ये १५ मिलिसेकंदांची सवड मिळते. आजच्या विजेच्या मोटरला मात्र सेकंदाला साधारण १०,००० ते २०,००० वेळा आज्ञा द्यावी लागते. इतके काम पेलणारी चिप चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कामगारांनी आणि कारखानदारांनी नीट ओळखून घ्यायला हवी, कारण गाडीचा दर्जा आता तिच्यातल्या आज्ञावलीवरही ठरतो.

या चिपमध्ये दोन स्वभाव एकत्र आले आहेत. इंटेलच्या १९८० च्या ८०५१ सारखा मायक्रोकंट्रोलर मुळात कारभारी वृत्तीचा: बटण दाबले का पाहा, तापमान वाचा, वेळ मोजा, दुसऱ्या यंत्राला निरोप पाठवा. १९८० च्या दशकारंभी आलेला डिजिटल सिग्नल प्रोसेसर, म्हणजे डीएसपी, निव्वळ हिशेबी. दोन संख्यांचा गुणाकार करून तो आधीच्या बेरजेत मिळवणे, हे काम तो एका ठोक्यात उरकतो. म्हणूनच आवाज आणि मोडेमच्या कामात तो रुळला. मोटरला दोघेही लागतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या सी२०००, मायक्रोचिपच्या डीएसपिक आणि इन्फिनिअनच्या ट्रायकोर या मालिकांनी ही जोडी एकाच चिपवर आणली. २०१० मध्ये आर्म या कंपनीने जाहीर केलेल्या कॉर्टेक्स-एम४ या प्रोसेसरमुळे ती सर्वसामान्य मायक्रोकंट्रोलरमध्येही आली.

प्रत्यक्ष काम पाहिले की जोडीची गरज पटते. सेकंदाला २०,००० आज्ञा म्हणजे एका फेरीला ५० मायक्रोसेकंद. तेवढ्यात चिप मोटरच्या तारांमधला प्रवाह मोजते आणि रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, कुठे आहे ते वाचते. मग साइन-कोसाइनच्या गुणाकारांनी ती प्रवाहाचे दोन भाग करते: एक चुंबकक्षेत्राचा, दुसरा चाक फिरवणाऱ्या जोराचा. हवे तेवढे आणि मिळते तेवढे यांतली तफावत काढून मॉसफेट, म्हणजे मोटरचा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच, किती वेळ चालू ठेवायचे, हे ती ठरवते. मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या वेगात एवढ्या वेळात रोटर १.८ अंश फिरतो. उत्तर ८ मिलिसेकंद उशिरा आले, तर तो पाऊण फेऱ्याहून थोडा जास्तच पुढे गेलेला असतो आणि ते उत्तर निरुपयोगी ठरते. दुसरी गोष्ट बेरजेची. १६ बिटांच्या हिशेबात सर्वांत मोठी संख्या ३२,७६७. साध्या बेरजेत तीत एक मिळवला की उत्तर उणे ३२,७६८ येते, म्हणजे पूर्ण जोराने पुढे जाण्याची आज्ञा पूर्ण जोराने मागे जाण्याची होऊ शकते. डीएसपीच्या बेरजेत उत्तर कमाल मर्यादेवरच थांबवण्याची सोय हार्डवेअरमध्येच असते. हीच तपासणी आज्ञावलीत लिहिता येते. पण ५० मायक्रोसेकंदांतला वेळ त्यात खर्ची पडतो.

मोबाइलमधले प्रोसेसर याहून कितीतरी वेगवान असताना ते का वापरू नयेत, असा प्रश्न रास्त आहे. पण त्यांचा वेग सरासरीचा असतो. अनेक कामे सांभाळताना एखादे उत्तर उशिरा येऊ शकते. मोटरला प्रत्येक वेळी ठरल्या क्षणीच उत्तर लागते. दोन वेगळ्या चिपा लावता येतात, पण त्यांच्यातल्या देवाणघेवाणीत वेळ जातो, शिवाय खड्ड्यांतून धावणाऱ्या गाडीत सोल्डरचे जोड जितके कमी तितके बरे. सर्वांत मोठा आक्षेप असा, की या चिपा बाहेरून येतात, मग महाळुंग्याने त्यांचा अभ्यास का करावा? परावलंबन खरेच आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये चिपांच्या टंचाईमुळे महिंद्राने आपल्या वाहन कारखान्यांत सुमारे सात दिवस उत्पादन बंद ठेवण्याचे जाहीर केले होते. पण टंचाईत पर्यायी चिप वापरायची, तर आज्ञावली नव्या चिपवर बसवता आली पाहिजे, आणि ते स्वतःची आज्ञावली समजणाऱ्यालाच जमते.

शिवाय विकत आणलेली चिप कोरीच असते. प्रत्येक मोटरच्या वेटोळ्यांचा रोध वेगळा, तापल्यावर तो बदलतो. त्यानुसार नियंत्रणाचे आकडे बसवावे लागतात. ते चुकले तर गाडी थरथरते, बॅटरी लवकर उतरते. हे कसब प्रयोगशाळेतल्या टेबलावर, एक मोटर, एक ऑसिलोस्कोप आणि फार महाग नसलेला डेव्हलपमेंट बोर्ड घेऊन शिकता येते. त्यासाठी चिपचा कारखाना लागत नाही. आपल्या पदविका अभ्यासक्रमात ८०५१ चांगला रुजला आहे. त्याच्या जोडीला आयटीआय आणि तंत्रनिकेतनांत मोटर नियंत्रणाचे हे शिक्षण यायला हवे आणि त्यासाठी कारखान्यांनी आपल्या मोटरी व अभियंते वर्गापर्यंत पोचवायला हवेत. नाहीतर गाडी इथे जुळेल, पण ती कशी चालावी हे दुसरीकडे कुणीतरी ठरवेल.