धानाच्या राशीच्या पोटात काय चालतं?

भंडाऱ्यात दिवाळीच्या सुमारास निघालेलं ओलसर धान राशीत तापतं. दाण्यांच्या आणि बुरशीच्या श्वसनातून उष्णता निघते. पण राशीचा जवळपास निम्मा भाग हवेच्या फटींचा, त्यामुळे ती आतच कोंडते. नुसत्या वहनाने मीटरभर अंतर कापायला तिला महिने लागतात. बाहेरून आतलं कळत नाही, म्हणून संगणकात राशीचे बारीक खण पाडून प्रत्येकाचं तापमान आणि ओलावा टप्प्याटप्प्याने काढतात.

‘हात खुपसला की कळतं’, असं कुणी म्हणेल. खरंय, पण हात पोचतो कोपरापर्यंत आणि जास्त तापतो तो गाभा. गणितही देव नव्हे म्हणा. सुरुवातीचा ओलावा चुकीचा दिला तर उत्तरही चुकतं. त्यामुळे आधी ओलावामापक, मग संगणक. साठवणीला ओलावा १४ टक्क्यांपेक्षा जास्त नको.