शाबासकीचा दुष्काळ

चाकणचा भुईकोट आज मोडकळीस आलेला आहे, आणि त्याच्या आसमंतांत मोटारींचे व त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने उभे आहेत. याच किल्ल्यांत इ. स. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळा या किल्लेदारानें मूठभर शिबंदीनिशीं शाएस्तेखानाच्या अफाट फौजेस जवळजवळ दोन महिने थोपवून धरिलें. शेवटीं सुरुंगानें बुरूज उडाला व किल्ला गेला. बखरकार सांगतात कीं, खुद्द खानानें त्याची वाखाणणी करून त्यास बादशाही चाकरी देऊं केली. ती त्यानें नाकारिली. तो परत आला तेव्हां शिवाजी महाराजांनीं किल्ला कां गमावलास म्हणून जाब न विचारतां त्याचा सत्कार केला, आणि पुढें भूपाळगड त्याच्या हवालीं केला. महाराजांनीं केवळ नांवें बाजू पाहिली नाहीं, जमेची बाजूही पाहिली. एक भुईकोट घेण्यास खानाचे दोन महिने व शेंकडों माणसें खर्चीं पडलीं होतीं.

चिंचवड, पिंपरी, भोसरी व चाकण येथील व्यापारी व कारखानदार यांस आमचा प्रश्न असा कीं, फिरंगोजी आज आपल्या पेढीवर असता तर त्याची काय वाट लागली असती? वर्षानुवर्षें बिनचूक नग काढणाऱ्या कारागिराकडे आपण ढुंकूनही पाहात नाहीं. एक नग बिघडला कीं मुकादमापासून मॅनेजरापर्यंत सर्वांस त्याचें नांव पाठ होतें. घरींही हाच न्याय! आमटींत मीठ कमी पडलें तर यजमानांची जीभ सैल सुटते, बेताचें पडलें तर ते मुकाट्यानें भुरके मारतात.

शाबासकी दिली कीं माणूस डोक्यावर बसतो व पगार वाढवून मागतो, अशी कित्येक शेटजींची समजूत आहे. पण पगार तो शाबासकीवांचूनही मागणारच, आणि महागाई पाहतां त्यानें तो मागावाच. ज्यास आपलें काय चुकलें एवढेंच कळतें, काय साधलें हें कधींच कळत नाहीं, तो चूक टाळण्यापुरतेंच काम करूं लागतो; किंवा त्याहून वाईट म्हणजे चूक झांकूं लागतो.

वकिली धंद्यांत आमचें पोटच तक्रारीवर चालतें, तेव्हां तक्रारीचा द्वेष आम्हांस परवडणार नाहीं. यंत्राखालीं बोट तुटलेल्या मजुरास ‘तूं फार कष्टाळू आहेस’ म्हणून वाटेस लावणें ही स्तुति नव्हे, लबाडी होय. धोक्याच्या यंत्रास कुंपण घालण्याचें कर्तव्य १९४८ सालच्या कारखाने कायद्यानेंच मालकावर टाकिलें, जादा तासांबद्दल दुप्पट मजुरीही त्यानेंच ठरविली. हीं देणीं गोड शब्दांनीं फिटत नाहींत. आम्हांस वीट आला आहे तो निराळ्याच तक्रारीचा: जिच्यानें कांहीं दुरुस्त होत नाहीं, समोरच्याचें तोंड मात्र उतरतें, अशा रोजच्या कुरकुरीचा.

खंडेनवमीस यंत्रांस झेंडूचे हार घालण्याची चाल या भागांतील कारखान्यांतून आहे. त्या दिवशीं त्या यंत्रापुढें वर्षभर उभ्या राहणाऱ्याचेंही नांव घ्यावें, मग तो कायम असो वा कंत्राटी. आणि त्याचें कोणतें काम आपणांस आवडलें तें चारचौघांत स्पष्ट सांगावें. नुसता पेढ्यांचा पुडा हातांत ठेवून भागणार नाहीं. ज्यानें यंत्राचा दोष वेळींच पुढें येऊन सांगितला असेल, त्याचें नांव सर्वांच्या आधीं घ्यावें.