समुद्रात सांडलेले तेल, तेलविखुरक द्रव्ये आणि मासळीचे आरोग्य

कोकण किनाऱ्यावरील गावांत शेती व मासेमारी हे जोडीने चालणारे व्यवसाय आहेत. खारबंधाऱ्याची उघाडी ज्या खाडीवर असते, त्याच खाडीत मासळीची पिले वाढतात. म्हणून समुद्रात तेल सांडल्याची वार्ता ही केवळ बंदराची बाब समजून चालणार नाही. दिनांक ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल सांडले. ते पसरत जाऊन किनाऱ्यावरील खारफुटीलाही लागले. अशा प्रसंगी मासळीचे काय होते आणि गावाने कोणती दक्षता घ्यावी, याचा येथे विचार केला आहे.

तेलाचा अपाय कसा होतो?

पाण्यावर दिसणारा तवंग हा तेलाचा एक भाग होय. काही घटक हवेत उडून जातात, तर काही पाण्यात विरघळतात. हे विरघळलेले घटक मासा श्वासोच्छ्वास करीत असता कल्ल्यांवाटे त्याच्या शरीरात शिरतात. त्यामुळे कल्ल्यांचा दाह होतो, मासा मंदावतो व त्याची वाढ खुंटते.

मोठा मासा पुष्कळदा दूषित पाणी सोडून निघून जाऊ शकतो. अंडी, पिले आणि तलावात कोंडलेली मासळी यांना मात्र ती सोय नसते. इ. स. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ या जहाजातील तेल सांडल्यानंतर तेथे झालेल्या अभ्यासावरून असे आढळून आले की, एक अब्ज भाग पाण्यात या घटकांचे थोडेसे भाग असले, तरी अंड्यातील गर्भाच्या हृदयाची घडण बिघडते. अशी पिले पोहण्यात दुर्बळ राहतात. म्हणजे मेलेले मासे किनाऱ्यास लागले नाहीत, म्हणून नुकसान झाले नाही, असे समजणे चुकीचे ठरेल.

विखुरक द्रव्य म्हणजे काय?

तेलकट भांड्यावर साबण जे काम करतो, तेच काम विखुरक द्रव्य समुद्रात करते. ते फवारल्यावर लाटांच्या घुसळणीने तवंग फुटून त्याचे अतिसूक्ष्म थेंब होतात व ते पाण्यात मिसळतात. खोल समुद्रात हे थेंब लवकर विरळ होतात, सूक्ष्म जंतू त्यांचे विघटन करतात आणि किनारा व समुद्रपक्षी वाचतात. हा त्याचा लाभ होय. परंतु यात तेल नाहीसे होत नाही, त्याची केवळ जागा बदलते. जे तेल पृष्ठभागावर होते, ते आता मासे ज्या पाण्यात श्वास घेतात त्या पाण्यात येते.

याचा धडा इ. स. १९६७ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर मिळाला. ‘टोरी कॅनियन’ जहाजातील तेल घालविण्यासाठी सुमारे १०,००० टन द्रव्ये वापरण्यात आली. ती स्वतःच विषारी असल्याने खडकांवरील शंखवर्गीय प्राणी मोठ्या प्रमाणावर मेले. जेथे द्रव्ये वापरली नव्हती तेथील खडक दोन-तीन वर्षांत पूर्ववत झाले. जेथे ती भरपूर ओतली, तेथे दहा वर्षांहून अधिक काळ लागला. आजची द्रव्ये त्यामानाने पुष्कळच सौम्य आहेत. तथापि त्यांनी पाण्यात मिसळविलेले तेल सौम्य होत नाही. उथळ खाडीत ते विरळ होण्यास पुरेसे पाणीच नसते. यास्तव खाडीत व खारफुटीत ही द्रव्ये वापरू नयेत. समुद्रातही त्यांचा वापर भारतीय तटरक्षक दलाच्या अनुमतीनेच करावयाचा असतो.

गावपातळीवर घ्यावयाची दक्षता

१. तवंग दिसताच ग्रामसेवकांनी तहसील कार्यालय, मत्स्यव्यवसाय खाते व तटरक्षक दल (दूरध्वनी १५५४) यांस कळवावे.

२. उघाड्या बंद ठेवाव्यात. कोळंबीच्या तलावात खाडीचे पाणी घेऊ नये. पाणी बदलता येत नसल्याने खाद्य कमी करावे व हवा देणारी यंत्रे चालू ठेवावीत.

३. उघाडीच्या तोंडाशी जाळ्यात भाताचा पेंढा भरून त्याचा तरंगता आडोसा करावा. पेंढा तेल धरून ठेवतो. तेलाने माखलेला पेंढा वेळीच काढून घ्यावा. तो जाळू नये वा पाण्यात सोडू नये; अधिकारी सांगतील तेथेच टाकावा. हे काम रबरी हातमोजे घालून करावे.

४. तेल घालविण्यासाठी साबण, धुण्याची पावडर अथवा रॉकेल कदापि ओतू नये.

५. तिसऱ्या व कालवे वेचणे थांबवावे. मासा हे घटक यकृतात फोडून पित्तावाटे पुष्कळसे बाहेर टाकतो. शिंपल्यातील प्राण्यांत ती शक्ती अल्प असल्याने ते त्यांच्यात दीर्घकाळ साठून राहतात. तेलाचा वास येणारी मासळी विकू नये. वास नाही म्हणून ती निर्दोष आहे असेही मानू नये. तपासणीचा निर्णय येईपर्यंत थांबावे.

६. जाळी, होड्या व तलाव यांच्या हानीचा पंचनामा त्वरित करून घ्यावा.

पाणी वरून स्वच्छ दिसू लागले, की संकट टळले असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु खाडीची खरी संपत्ती पाण्याखाली असते. तेल दृष्टीआड करण्यापेक्षा ते खाडीत शिरू न देणे व शिरलेच तर उचलून बाहेर काढणे, यातच पुढील हंगामातील मासळीचे रक्षण आहे.