शेडिंगचा पहिला प्रश्न : उजेड कुठून?

दुपारी चारच्या सुमारास सांगवीतल्या एखाद्या उंच गच्चीवरून आजूबाजूला पाहिलं, की पाण्याच्या टाक्याच टाक्या दिसतात. सगळ्या पश्चिमेकडून उजळलेल्या, सगळ्यांची सावली पूर्वेकडे पडलेली. टाकी, खोकं आणि चेंडू कागदावर उतरवताना मात्र नवशिक्याची टाकी डावीकडून उजळते आणि चेंडू उजवीकडून. एलिमेंटरी, इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांची तयारी करणाऱ्यांनी पेन्सिलीला टोक करण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात उजेडाच्या दिशेचा बारीक बाण काढावा. मग शेडिंगबद्दलचे पुढचे गैरसमज एकेक करून पुसता येतात.

गैरसमज : शेडिंग म्हणजे कडा काळ्या करणं.
वस्तुस्थिती : चेंडूवरचा सर्वांत गडद पट्टा कडेच्या थोडा आत असतो. टेबलावर आपटून परतलेला उजेड अंधाऱ्या बाजूच्या कडेला पोचतो आणि ती किंचित उजळते.

गैरसमज : मग ती कड पांढरीच सोडावी.
वस्तुस्थिती : बीजेची चंद्रकोर पाहावी. कोरीच्या पोटातला उरलेला चंद्रही अंधुक दिसतो, कारण पृथ्वीवरून परतलेला सूर्यप्रकाश त्याच्यावर पडतो. पण कोरीपुढे तो किती फिका! परतलेला उजेड थेट उजेडाची बरोबरी करत नाही. ती कड राखाडीच हवी.

गैरसमज : सगळे आकार एकाच पद्धतीने रंगवायचे.
वस्तुस्थिती : खोक्याच्या दिसणाऱ्या तीन बाजूंना तीन छटा लागतात आणि छटा धारेवरच बदलते. टाकीवर उभे पट्टे हळूहळू गडद होत जातात. शंकूवर तेच पट्टे टोकाकडे निमुळते होतात. चेंडूवर छटा वळत जाते, म्हणून तिथे सरळ रेघा चालत नाहीत.

गैरसमज : बोटाने घासलं की शेडिंग गुळगुळीत होतं.
वस्तुस्थिती : त्वचेचं तेल कागदाला लागतं, डाग पडतो आणि तो खोडरबरानेही नीट जात नाही. हलक्या हाताने रेघांचे थर चढवावेत. गडद भागासाठी 4बी किंवा 6बी पेन्सिल घ्यावी.

गैरसमज : सूर्य काय नि बल्ब काय, सावली सारखीच.
वस्तुस्थिती : सूर्य सुमारे 15 कोटी किलोमीटरवर आहे, म्हणून त्याचे किरण जवळपास समांतर येतात आणि शेजारशेजारच्या वस्तूंच्या सावल्याही समांतर पडतात. जवळच्या बल्बमुळे त्याच सावल्या पंख्यासारख्या फाकतात. उजेडाची उंचीही मोजावी लागते. सांगवीत मेच्या मध्यावर भरदुपारी सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा उभ्या काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते. डिसेंबरच्या भरदुपारी मात्र एक मीटरच्या काठीची सावली सुमारे 90 सेंटिमीटर पडते.

एकाच उजेडाचा मराठी धडा पाहायचा तर सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगचित्र पाहावं. चित्रातल्या तरुणीच्या एका हातात दिवा आहे आणि दुसऱ्या हाताचा आडोसा. बोटं त्या ज्योतीने लालसर झाली आहेत आणि चेहराही तिनेच उजळला आहे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं हे चित्र अनेक जण राजा रविवर्म्याच्या नावावर खपवतात. रविवर्मा वारले 1906 मध्ये. हळदणकरांनी हे चित्र रंगवलं त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी.